वर जायचंय

“मी ही कॉट सोडणार नाही,” असं म्हणून मी ह्यांच्या पायथ्याशी चक्क मांडी घालून बसले.

नर्स कंटाळली होती. आमची गोळ्यांची पिशवी हातात धरून ती दारातच उभी होती. “मावशी, डॉक्टरांनी सोडलंय म्हणजे सोडलंय. बीपी जाग्यावर आलंय, गिळता येतंय. आता इथं ठेवून काय करायचं?”

“काय करायचं म्हणजे? माणसाला उभं राहता येत नाही. उजवा हात नुसता लोंबतोय. बोलायला गेले की वारं येतंय तोंडातून. ह्याला बरं झालं म्हणतात व्हय?”

हे कॉटवर टेकून खिडकीकडे बघत होते. दूध संघाचा टँकर चालवण्यात ह्यांची हयात गेली होती. खांदे दारात मावायचे नाहीत असा गडी. आणि एका सकाळी चूळ भरताना तांब्या हातातून सुटला आणि पाठोपाठ हे खाली बसले ते बसलेच. लकवा. उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली.

शेजारच्या कॉटवर गंगव्वा नावाची म्हातारी होती. चंदगडच्या पलीकडे, पार जंगलाच्या कडेला तिचं गाव. खुब्याचं ऑपरेशन झालेलं. तिचा मुलगा आमच्याच संघाच्या शीतकेंद्रावर कामाला. तिलाही त्याच दिवशी सोडलं होतं. तिनं मात्र निमूटपणे लुगड्याचं गाठोडं बांधलं आणि मला म्हणाली, “मालन, भांडू नगं बाई. आपलं कोण ऐकतंय.”

पूर्वी असं नव्हतं. संघाच्या कामगारांचा आरोग्य निधी होता. पेशंट जितके दिवस कॉटवर, तितक्या दिवसांचे पैसे निधी हॉस्पिटलला द्यायचा. त्यामुळं लकव्याचा माणूस महिना महिना तिथं राहायचा, रोज खालच्या हॉलमध्ये दोघं जण त्याला धरून फिरवायचे. त्या वर्षी एप्रिलपासून नियम बदलला. आता एका दुखण्याला एकच ठरलेली रक्कम, मग पेशंट चार दिवस राहो नाहीतर चाळीस. सगळ्या संघात तोच विषय होता. लोक म्हणत, आता हॉस्पिटलवाले माणसाला ताप उतरायच्या आत बाहेर काढणार.

आणि हा नियम आणणारा माणूस आमच्या डोक्यावरच राहत होता. म्हणजे खरोखरच डोक्यावर, वरच्या मजल्यावर. निधीचे सचिव जोतिराम मगदूम, माझे धाकटे दीर.

दोघा भावांचं बोलणं तुटून बरीच वर्षं झाली होती. संघात संप झाला तेव्हा हे ड्रायव्हर लोकांना घेऊन गेटबाहेर बसले होते, आणि तिसऱ्या का चौथ्या दिवशी जोतिराम भावजी मान खाली घालून त्याच गेटातून आत कामावर गेले. त्यांची बायको रत्ना तेव्हा बाळंतपणाला टेकली होती, पगाराची गरज होती, हे सगळं मला कळत होतं. ह्यांना कळत नव्हतं असं नाही. पण सगळ्या ड्रायव्हरांसमोर सख्खा भाऊ बाजूनं निघून गेला, ते ह्यांच्या काळजात रुतलं. पुढं घराची वाटणी झाली. आम्ही खाली, ते वर. वरच्यांना आमच्या दारावरून जायला लागू नये म्हणून बाहेरच्या अंगानं सिमेंटचा जिना काढला. मी आणि रत्ना धुणं वाळत घालताना दोन शब्द बोलायचो. भाऊ मात्र एकमेकांच्या चपला बघूनसुद्धा वाट बदलायचे.

शेवटी कॉट सोडावीच लागली. ॲम्ब्युलन्सच्या पोरांनी ह्यांना उचलून आणून पुढच्या खोलीत निजवलं आणि गाडी घेऊन निघून गेली. घर एकदम शांत झालं. ह्यांनी पाणी मागायला डावा हात हलवला, मी भांडं तोंडाला लावलं, अर्धं पाणी उशीवर सांडलं. मग मला जे रडू आलं त्याचा पाचव्या मिनिटाला राग झाला, आणि मी पदर खोचून जिना चढले.

भावजी नुकतेच ऑफिसमधून आले होते. शर्टाची बटणं काढत होते, मला बघून परत लावायला लागले.

“भावजी, तुमच्या नियमानं तुमच्या भावाला घरात आणून टाकलंय. बघायला तरी या.”

“बसा वहिनी.”

“बसायला आले नाही. मी बालवाडीची बाई. पोरांना गाणी शिकवण्यात माझा जन्म गेला. एवढ्या मोठ्या देहाला उभं कसं करायचं मला काय ठाऊक? हॉस्पिटलात निदान धरायला माणसं होती.”

“कॉटवर पडून माणूस चालायला लागत नसतो, वहिनी.”

“तुम्हाला बोलायला काय जातंय? तुम्ही ऑफिसात बसून ठरवणार, आम्ही खाली भोगणार.”

ते काहीतरी सांगणार होते. रत्नानं पाणी आणलं, मी घेतलं नाही.

“दादानं बोलावलं तर खाली येतो,” एवढंच भावजी म्हणाले.

“ते बोलावणार कसे? वाचा गेलीय त्यांची!”

मी खाली आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी दारात स्कूटी थांबली. हॉस्पिटलातली फिजिओथेरपिस्ट, नाझनीन. चण लहान, पण आवाज खणखणीत. मला वाटलं काहीतरी विसरलेलं द्यायला आलीय.

“आता मीच येणार मावशी, आठवड्यातून दोनदा. सोमवारी आणि गुरुवारी.”

“घरी?”

“घरीच.”

तिनं पेशंटकडे बघायच्या आधी घर बघितलं. घर विकत घ्यायला आल्यासारखी दारं, उंबरे, मोरी, संडास सगळं हिंडली. कॉट बुटकी आहे, पायांखाली विटा घाला म्हणाली. मोरीत प्लॅस्टिकची खुर्ची ठेवायला सांगितली, भिंतीला धरायला पाइप बसवून घ्यायला सांगितलं. ह्यांच्या उजव्या पायाजवळ बसून बोटं, घोटा, गुडघा एकेक करून हलवून बघितलं. मी चहा ठेवायला आत गेले. स्टोव्हच्या आवाजात तिचं बोलणं काही ऐकू येत नव्हतं, पण बराच वेळ ती ह्यांना हळू आवाजात काहीतरी समजावत होती.

चहा घेऊन बाहेर आले तेव्हा ती विचारत होती, “मग मामा, मला एक सांगा. तीन महिन्यांनी तुम्हाला काय करता आलं पाहिजे? एकच गोष्ट. त्याच्यासाठी आपण दोघं राबायचं.”

ह्यांनी ओठ आवळले. मानेच्या शिरा ताणल्या. “व…” म्हणाले. मग पुन्हा जोर लावून, “वर.” आणि डाव्या हाताचं बोट छताकडे केलं.

“असं अभद्र बोलू नका हो,” मी म्हणाले आणि तोंडाला पदर लावला.

ह्यांनी रागानं मान हलवली. नाझनीननं माझ्याकडे बघितलं, त्यांच्याकडे बघितलं आणि म्हणाली, “ठीक आहे मामा. वर. समजलं.”

तिला काय समजलं ते तिनं मला सांगितलं नाही. मी दोन दिवस विचार केला आणि स्वतःची समजूत घातली की ह्यांना टँकरच्या केबिनमध्ये चढायचंय. तीही उंचच असते, दांडी धरून वर चढावं लागतं. पण त्यानं माझा जीव आणखीच तुटला. ह्या हातात आता कोण टँकर देणार होतं?

त्या पहिल्या दिवशी नाझनीन जायला निघाली तेव्हा मी तिला गंगव्वाबद्दल विचारलं होतं. ती स्कूटीची किल्ली बोटात फिरवत राहिली. “तिच्या गावाला एकच एस. टी. जाते मावशी. मी फोनवरून तिच्या सुनेला सांगते कसं करायचं ते. पण फोनवरून पाय धरता येत नाही ना.”

मग आमचं काम सुरू झालं. हॉस्पिटलातल्यासारखी यंत्रं नव्हती, होतं ते घरच. भुईमुगाच्या शेंगा उजव्या हातानं फोडायच्या. ओला पंचा पिळायचा. पितळी डबा फडताळातून काढायचा आणि परत ठेवायचा. पहिल्यांदा डबा सुटून पोहे घरभर झाले, तेव्हा ह्यांनी भिंतीकडे तोंड केलं ते जेवायलाही वळेनात. मी पोहे गोळा करून डबा परत भरला आणि ह्यांच्या मांडीवर ठेवला. बालवाडीत मी असंच करायची.

उंबऱ्यानं तर घाम काढला. सपाट फरशीवर हे कुबडी घेऊन जायला लागले होते, पण उंबरा आला की पाय जमिनीला चिकटायचा.

“म्हणून तर घरी यावं लागतं,” नाझनीन म्हणाली. “आमच्या हॉलमध्ये उंबरा नाही. माणूस तिथं छान फिरतो, आम्ही टाळ्या वाजवतो, आणि घरी येऊन तो दाराशीच अडकतो. पूर्वी आम्हाला हे कळायचंसुद्धा नाही. डिस्चार्ज झाला की आमचा संबंध संपला.”

“आणि आता?”

“आता त्याच ठरलेल्या रकमेत पेशंटची पुढच्या तीन महिन्यांची जबाबदारीही आमच्याकडेच. मामा पडले आणि परत ॲडमिट झाले, तर तो खर्च हॉस्पिटलचा. त्यामुळं आमचे मोठे डॉक्टरसुद्धा विचारतात, मगदूमांच्या मोरीत पाइप बसला का.” ती हसायला लागली. मलाही हसू आलं. लकवा झाल्यापासून पहिल्यांदाच.

हे उंबरा ओलांडायला लागले तशी नाझनीन त्यांना बाहेर जिन्याशी घेऊन गेली. चांगला पाय आधी वर, मग कुबडी, मग दुखरा पाय. खालच्या तीनचार पायऱ्यांवरच त्यांचा सराव चालायचा. एवढं चढून झालं की ती मागून धरून त्यांना अलगद खाली घ्यायची. मी मनात म्हणायची, केबिनची तयारी चाललीय.

एका दुपारी मी आत निवडत बसले होते आणि बाहेर धप्पकन आवाज झाला. धावत गेले. नाझनीनचा वार नव्हता, तरी हे एकटेच जिन्यावर गेले होते. पाय सटकून पायरीवर बसले होते, कुबडी खाली घरंगळलेली, कोपराला खरचटलेलं.

“काय करावं ह्या माणसाला!” मी ओरडले. “मोडून घ्यायचाय का दुसरा पण पाय?”

वरून दार उघडलं. रत्ना कठड्यावरून वाकली, आणि तिच्या मागून भावजी बनियनवरच बाहेर आले आणि दोनदोन पायऱ्या उतरायला लागले. निम्म्या जिन्यावर आले असतील तेवढ्यात ह्यांनी डावा हात वर केला. तळवा त्यांच्याकडे. थांब.

भावजी थांबले. तसेच उभे राहिले, खाली येईनात आणि वर जाईनात. हे कठडा धरून, दात खाऊन, माझ्या खांद्याचा आधार घेऊन उठले. एकदाही मागं न बघता घरात गेले.

मला त्या क्षणी ह्यांचा फार राग आला. भाऊ धावत आला होता. एवढा कसला ताठा, तेही पडलेल्या माणसाला? कोपराला हळद लावताना मी बोलून टाकलं, “ते येत होते न्हवं मदतीला. घ्यायचा होता हात.”

ह्यांनी माझ्याकडे बघितलं. काहीतरी सांगायचं होतं, शब्द सापडत नव्हता. शेवटी डोळे मिटून घेतले.

त्यानंतरच्या एका रविवारी मी बाजाराला गेले होते. पावटा, गवार, कोथिंबीर घेऊन परत येते तो पुढची खोली रिकामी. कॉटवर पंचा. मोरीत बघितलं, परड्यात बघितलं. तशीच बाहेर आले आणि नजर वर गेली.

हे जिन्यावर होते. खालच्या पायऱ्यांवर नाही, पार वर, शेवटच्या वळणाच्या पुढं. अंगात इस्त्रीचा पांढरा शर्ट, त्याची बटणं वरखाली लागलेली. एकट्यानं लावली होती ना. पाठ घामानं चिंब झाली होती.

माझ्या तोंडातून हाक निघणार होती, पण वरच्या दारात भावजी उभे दिसले. दोन्ही हात लोंबते सोडून, एकेका पायरीवर डोळे लावून. धावत पुढं होत नव्हते. त्या दिवशीचा हात त्यांच्या ध्यानात असावा. त्यांच्या मागं रत्ना, कणकेचे हात तसेच. मीही पिशवी धरून खालीच थांबले. चांगला पाय. कुबडी. मग दुखरा पाय, तो जरा घासत यायचा, सिमेंटवर त्याचा आवाज व्हायचा.

वरच्या फरशीवर दोन्ही पाय टेकले तेव्हा हे थांबले. श्वास घेतला. आणि म्हणाले, “आलो.”

स्वच्छ. पहिल्यांदा एवढा स्वच्छ शब्द.

“ये की दादा,” भावजी म्हणाले आणि दारातून बाजूला झाले.

मी कशी वर पोचले मला आठवत नाही. हे खुर्चीत बसले होते, भावजी समोर जमिनीवरच बसले होते, पंख्याखाली. ह्यांनी खोलीभर नजर फिरवली, टीव्ही बघितला, भिंतीवरचा आपल्या आईवडिलांचा फोटो बघितला. मग रत्नाकडे वळून म्हणाले, “चा.”

रत्ना हसली आणि रडली आणि आत पळाली.

चहा होईपर्यंत भावजी माझ्याकडे बघत बोलायला लागले. ह्यांच्याकडे बघायचं धाडस होत नसावं. “वहिनी, त्या दिवशी तुम्ही आलात तेव्हा सांगायचं होतं. आमचे बाबा आठवतात? दीड महिना हॉस्पिटलात होते. आम्ही भेटायला गेलो की हॉलमध्ये चालून दाखवायचे. घरी आणलं, आणि परत त्या दाराबाहेर पाऊल नाही टाकलं त्यांनी. शेवटपर्यंत. निधीनं सगळ्या दिवसांचे पैसे भरले होते. पण चालण्याचे कुणी भरत नव्हतं, नुसतं पडून राहण्याचे भरत होतं. म्हणून मी म्हटलं, एकच रक्कम द्या, पण घरी माणूस पाठवायचा असला तरच. हॉस्पिटलवाले तयार नव्हते. आपले कामगारही मला शिव्या घालत होते. मग दादाच पडला. तुम्हाला तेव्हा हे सांगितलं असतं, तर तुम्हाला वाटलं असतं मी स्वतःची बाजू मांडतोय.”

“म्हाईत,” हे मध्येच म्हणाले.

आम्ही दोघंही त्यांच्याकडे बघायला लागलो.

“पोरीनं… सांगितलं.” एकेक शब्द ओढून काढत होते. “पहिल्या… दिवशी.”

म्हणजे मी स्टोव्हपाशी होते तेव्हा. ती खालच्या आवाजात हे सांगत होती, आणि त्यावर तिनं विचारलं होतं काय करायचंय म्हणून. मी मेलीनं त्यातलं एकच अक्षर ऐकलं आणि कुठल्या कुठं गेले. टँकर काय, मरण काय! ह्यांना वरच्या मजल्यावर जायचं होतं. आणि कुणी हात धरून नेलेलं नको होतं. भाऊ खाली आला असता तर ते त्याचं येणं झालं असतं, ह्यांचं जाणं नाही.

चहा आला. ह्यांनी कप उजव्या हातात घेतला. थरथरत होता, भावजींचा हात पुढं आला, पण धरला नाही, नुसता खाली ओंजळीसारखा ठेवला. थोडा चहा त्यांच्या तळहातावर सांडलाही.

मला तेव्हाच गंगव्वाची आठवण झाली. आनंदात माणसाला राहवत नाही म्हणून असेल. “भावजी,” मी म्हणाले, “आमच्याकडे नाझनीन येते ते ठीक. पण जिथं स्कूटी पोचत नाही तिथं तुमच्या नियमानं काय करायचं? नाझनीन सांगत होती, गंगव्वा अजून न्हाणीपर्यंतसुद्धा जात नाही.”

“ते चुकलंय,” भावजी म्हणाले. पुढं त्यांनी लांबच्या पेशंटांसाठी हॉस्पिटलाजवळच्या दोन खोल्या निधीतून भाड्यानं घ्यायला लावल्या, नातेवाइकासह राहायला. त्याला बराच काळ गेला. गंगव्वाला त्याचा फारसा उपयोग झाला नाही. ती वॉकर धरून घरातल्या घरात फिरायची, तेवढंच. नंतरच्या पुष्कळांना झाला.

पण हे पुढचं. त्या रविवारी चहा झाल्यावर मी म्हणाले, “चला आता. जेवणाची वेळ झाली.” हे उठले, दारापर्यंत आले, जिन्याकडे बघितलं आणि तिथंच थिजले. चांगला पाय पुढं करावा की दुखरा, कळेना. कुबडी खालच्या पायरीवर टेकवली, परत उचलली. मला धरायला येईना, भावजींना सांगता येईना. शेवटी नाझनीनला फोन लावला.

ती पलीकडून किंचाळलीच. “एकटे चढले? सगळा जिना? अहो मावशी, उतरायचं अजून शिकवलंच नाही मी! चढण्यापेक्षा उतरणं अवघड. अजिबात हलवू नका, असतील तिथंच ठेवा. सोमवारी येते.”

असतील तिथंच म्हणजे भावजींच्या घरी. मी खालून गोळ्या, लुंगी, पंचा नेऊन दिला. रत्नानं कॉट मोकळी केली. संध्याकाळी मी माझ्यापुरती भाकरी टाकून एकटीच जेवायला बसले, तेव्हा वरून टीव्हीवरची क्रिकेटची मॅच ऐकू येत होती आणि तिच्या वर भावजींचा चढलेला आवाज. मध्येच ह्यांचा एखादा तुटका शब्द. कुठल्याशा बॅट्समनवरून दोघांचं जोरात भांडण लागलं होतं. मी हात धुतला, अंथरूण घातलं, आणि कितीतरी आठवड्यांत पहिल्यांदा कुणाच्या कण्हण्याकडे कान न लावता गाढ झोपले.

सोमवारी नाझनीन आली. मला हात करून तरातरा वर गेली. मी खाली जिन्याच्या तोंडाशी उभी राहिले, धरायला लागलं तर असावं म्हणून. वर बराच वेळ बोलणं चाललं होतं, हसणंही. मग ती एकटीच खाली उतरून आली.

“काय झालं?” मी विचारलं. “जमत नाही का उतरायला?”

“जमेल की. पाय चांगला टाकतात,” ती म्हणाली आणि स्कूटीला किल्ली लावली. “पण मामा म्हणतायत, उद्या.”